एचआयव्ही आणि नोकरी : कारखान्याने काय करायचे, कामगाराने काय मागायचे

बेळगाव : १ डिसेंबर जवळ आला की औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांच्या फाटकावर लाल फितीचे फलक लागतात. एखादे व्याख्यान होते, पत्रके वाटली जातात, फोटो निघतो. एचआयव्ही कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे त्या पत्रकात असते. ते बहुतेकांना आता तोंडपाठ आहे. कामगाराच्या मनात असतो तो प्रश्न पत्रकात सापडत नाही. तपासणी केली आणि काही निघालेच, तर रिपोर्ट कोणाच्या टेबलावर जाणार? दुसऱ्या दिवशी कामावर घेणार की नाही? या प्रश्नाचे उत्तर जिथे लेखी दिलेले असते, तिथे लोक तपासणीला येतात. जिथे नसते, तिथे फोटोपुरता कार्यक्रम होतो आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत विषय बंद.

हा विषय आता जुना झाला असे वाटण्याचीही शक्यता आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या वर आहे. प्रौढांमधील प्रमाण ०.२० टक्के, म्हणजे हजारात दोन. प्रमाण पूर्वीपेक्षा बरेच उतरले आहे, पण त्या वर्षात नव्याने लागण झालेल्यांचा अंदाजही ६८ हजारांच्या घरात होता. सर्वाधिक रुग्णसंख्येच्या राज्यांत महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही नावे पुढे आहेत. बेळगाव, बागलकोट, सांगली, कोल्हापूर हा पट्टा तर २००० नंतरच्या दशकात देशाच्या एड्स नियंत्रण नकाशावर ठळक होता. गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये सहा राज्यांत सुरू केलेल्या ‘आवाहन’ प्रकल्पात महाराष्ट्र व कर्नाटक दोन्ही होते, आणि महामार्गावरचे ट्रकचालक हा त्यातला मोठा घटक होता.

लागण होणाऱ्यांत मोठा वाटा कमावत्या वयाच्या माणसांचा असतो. हा माणूस दवाखान्यात वर्षातून एकदा जाईल न जाईल, कामावर मात्र रोज जातो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००१ मध्ये कामाच्या ठिकाणासाठी एचआयव्हीविषयक आचारसंहिता काढली आणि २०१० मध्ये त्यावर स्वतंत्र शिफारस, क्रमांक २००, मंजूर केली. आपल्या केंद्रीय कामगार मंत्रालयाने २००९ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केले. ही सगळी कागदपत्रे चांगली होती, पण पाळली नाहीत तर काय, याचे उत्तर त्यांत नव्हते. ते यायला २०१७ साल उजाडले.

गोवा आणि मुंबईतली दोन प्रकरणे

कायद्यापर्यंतचा रस्ता आपल्या भागातूनच गेला आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्यातील डॉमनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतले. तो नियमित रक्तदाता होता. रक्त तपासले गेले, त्यात एचआयव्ही आढळला आणि ही गोष्ट त्याला स्वतःला नीट कळण्याआधी पोलिसांना कळली. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळे डांबून ठेवण्याची तरतूद होती. त्यानुसार त्याला म्हापशातील जुन्या क्षयरोग इस्पितळाच्या इमारतीत ६४ दिवस एकटे ठेवले गेले. आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा तो घरी आला. पुढे १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी त्याचे निधन झाले. ‘माय ब्रदर निखिल’ हा हिंदी चित्रपट या घटनेवरून सुचलेला.

दुसरे प्रकरण थेट नोकरीचे. मुंबईत एका सार्वजनिक उपक्रमात रोजंदारीवर काम करणाऱ्या कामगाराला कायम करण्याची वेळ आली, तेव्हा वैद्यकीय तपासणीत त्याला एचआयव्ही असल्याचे निघाले. माणूस धडधाकट होता, काम करत होता. तरीही त्याचे नाव यादीतून काढले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये निकाल दिला, तो कायद्याच्या पुस्तकांत ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने ओळखला जातो. काम करण्यास जो सक्षम आहे आणि ज्याच्यापासून कामाच्या ठिकाणी इतरांना लक्षणीय धोका नाही, त्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकालातली नावे झाकलेली आहेत, तीही न्यायालयाच्याच परवानगीने. नाव उघड होणार नाही अशी खात्री मिळाल्याशिवाय असा माणूस कोर्टाची पायरी चढत नाही, हे त्या वेळीच लक्षात आले होते.

२०१७ चा कायदा काय सांगतो

‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७’ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. केंद्रीय कायदा असल्याने चंदगडचा कामगार बेळगावात कामाला येवो की खानापूरचा गोव्यात जावो, सीमेने त्यात फरक पडत नाही.

पहिली गोष्ट भेदभावाची. नोकरी नाकारणे, काढून टाकणे, कामावर वेगळी वागणूक देणे, या तिन्हींना बंदी आहे. नोकरीला घेताना एचआयव्ही चाचणीची अट घालणे हाही भेदभावच ठरतो. ही तरतूद अनेक छोट्या आस्थापनांना माहीतच नसते. भरतीच्या वेळी उमेदवाराला लॅबमध्ये पाठवतात, लॅबचे ठरलेले ‘पॅकेज’ असते, त्यात शुगर, काविळीसोबत एचआयव्हीही असते आणि रिपोर्ट थेट कंपनीच्या मेलवर जातो. कुणाचा वाईट हेतू असेलच असे नाही, पण कायद्याच्या नजरेने यात दोन गडबडी झाल्या. चाचणीची अट घातली, आणि माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी केली. लॅबला एक ओळीचे पत्र देऊन पॅकेजमधून ती चाचणी वगळायला लावणे, हे कोणत्याही मालकाला उद्या सकाळी करता येईल असे काम आहे. खर्च शून्य.

काढून टाकण्याला अगदी अरुंद अपवाद ठेवला आहे. संबंधित कामगारामुळे इतरांना लागण होण्याचा लक्षणीय धोका आहे किंवा तो काम करण्यास अपात्र आहे, असे स्वतंत्र आणि पात्र डॉक्टरने लेखी दिले पाहिजे. अपात्र असेल तर त्याला झेपेल असा किरकोळ बदल कामात का करता येत नाही, त्यात मालकाची नेमकी कोणती अडचण आहे, हे मालकाने लेखी सांगायचे. दोन्ही कागदांची प्रत कामगाराला द्यायची. ती दिली नाही, तर असा धोका किंवा अपात्रता नाही असेच कायदा धरून चालतो. आता लेथवर, मोल्डिंगमध्ये, पॅकिंगमध्ये किंवा काउंटरवर बसून काम करताना एचआयव्ही पसरतो, असे कोणताही जबाबदार डॉक्टर लिहून देणार नाही. एकाच डब्यातून जेवण, एकच नळ, एकच स्वच्छतागृह, एकच हत्यार यातून तो पसरत नाही.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. कोर्टाचा आदेश नसेल तर कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि दुसऱ्याची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. ज्या आस्थापनेकडे अशी नोंद आहे, तिने ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करायची आहे.

तिसरी गोष्ट आस्थापनेची व्याख्या. दोन किंवा अधिक व्यक्ती मिळून बारा महिने किंवा अधिक काळ पद्धतशीरपणे वस्तू वा सेवेचे काम करत असतील तर ती आस्थापना. कंपनी, सहकारी संस्था, शाळा, ट्रस्ट सगळे त्यात आले. १०० किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. रुग्णालयासारख्या आरोग्य आस्थापनेला हीच मर्यादा २० ची आहे. या १०० मध्ये केवळ पगारी कामगार मोजायचे नाहीत, अधिकारी, सभासद, संचालक, विश्वस्तही येतात. साखर कारखान्यांनी आणि मोठ्या पतसंस्थांनी हे शब्द सावकाश वाचावेत.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असते, हे बऱ्याच ठिकाणी आता माहीत झाले आहे, फलकावर सदस्यांची नावे असतात. एचआयव्ही कायद्याखालच्या तक्रार अधिकाऱ्याचे नाव त्याच फलकावर खाली एका ओळीत टाकता येते. अट एवढीच की, तो अधिकारी गप्प राहू शकणारा असावा.

शिबिर घ्यायचे तर असे

केवळ एचआयव्हीचे शिबिर ठेवले तर रांगेत कोण उभा राहणार? उभा राहिलेल्याकडे बघून बाकीचे तर्क लढवणार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी ऐच्छिक चाचणीचा उपक्रम सुरू केला, तोही पुढे अनेक आजारांच्या एकत्र तपासणीकडे वळला. रक्तदाब, साखर, डोळे, क्षयरोग आणि इच्छा असेल त्याला एचआयव्ही, अशी एकच रांग असावी. एचआयव्हीसाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ हे पडद्याआड समुपदेशकालाच सांगायचे, टेबलावरच्या कारकुनाला नव्हे.

फाउंड्रीच्या गावात क्षयरोगाला शिबिरात जागा द्यायलाच हवी. वाळूची सिलिका धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस आणि त्यामागून क्षयाचा धोका वाढतो. एचआयव्ही असलेल्या माणसालाही क्षय लवकर गाठतो. दोन्ही गोष्टी एकाच कामगाराच्या वाट्याला आल्या तर प्रकरण गंभीर होते. उद्यमबाग, मच्छे भागातील फाउंड्री मालकांना हे वेगळे सांगायला नको, खोकणारा मोल्डर त्यांनी पाहिलेला असतो.

शिबिरातली बोटाच्या रक्ताची चाचणी ही प्राथमिक असते. ती संशयास्पद आली तरी त्याला एचआयव्ही आहे असे म्हणता येत नाही. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, वेगवेगळ्या तीन चाचण्या झाल्यावरच निदान पक्के होते. आणि नुकतीच लागण झालेली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत काही दिसत नाही, तेही समुपदेशकाने सांगायचे असते. रिपोर्ट बंद लिफाफ्यात, ज्याचा त्याच्या हातात.

मालकाला काय मिळावे? फार तर एकूण आकडा. तोही जपून. ८०० कामगारांत दोन असे कळले तर कोणी ओळखू येत नाही. ३५ जणांच्या युनिटमध्ये ‘एक निघाला’ असे कळले, तर संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर नाव ठरलेले असते, बहुतेक वेळा चुकीचे. छोट्या युनिटनी एकत्र येऊन वसाहतीच्या पातळीवर शिबिर घ्यावे आणि युनिटवार आकडा कोणी मागूच नये, हे जास्त शहाणपणाचे.

व्याख्यानापेक्षा सहकारी कामगारच चांगला शिकवतो, हा सगळीकडचा अनुभव आहे. खात्यातला एखादा विश्वासू माणूस, युनियनचा असो वा नसो, त्याला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन तयार केले तर लोक त्याला जेवणाच्या सुट्टीत विचारतात. स्टेजवरच्या डॉक्टरला ‘निरोध फाटला तर काय’ असे कोणी विचारत नाही. निरोधाची पेटीही स्वच्छतागृहात असावी, सुपरवायझरच्या केबिनबाहेर ठेवली तर ती वर्षभर भरलेलीच राहील.

गुपित कुठून फुटते

धोरण चांगले असूनही माहिती बाहेर जाते ती बहुधा कागदांवाटे. पुण्यातील एका औषध कंपनीतील महिला कामगाराचे प्रकरण या दृष्टीने बघण्यासारखे आहे. तिने आजारपणाच्या खर्चासाठी मेडिक्लेमची कागदपत्रे कंपनीत दिली. त्यातून तिची स्थिती वरिष्ठांना कळली आणि २०१५ मध्ये तिच्याकडून राजीनामा घेण्यात आला. ती कामगार न्यायालयात गेली. २०१८ मध्ये न्यायालयाने तिला मागील पगारासह कामावर घेण्याचा आदेश दिला. तीन वर्षे गेली ती गेलीच. हीच कागदपत्रे विमा कंपनीकडे थेट गेली असती, मध्ये एचआरचे टेबल नसते, तर हे घडले नसते.

रजेचा अर्ज ही दुसरी जागा. एआरटी केंद्रातून औषध न्यायला सुरुवातीला दर महिन्याला जावे लागते, प्रकृती स्थिर झाली की दोन-तीन महिन्यांचे औषध एकदम मिळू शकते. केंद्र सुरू असते कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. दर महिन्याच्या ठराविक तारखेला गैरहजर राहणारा कामगार सुपरवायझरच्या डोळ्यात भरतो, मग ‘कुठे जातोस रे’ सुरू होते. कारण न विचारता महिन्याला अर्धा दिवस वैद्यकीय सवलत सर्वांनाच दिली, तर मधुमेहवाला, रक्तदाबवाला आणि हा, तिघे एकाच खात्यात मोजले जातात. हाजरीपटावर कोणत्याही आजाराचे नाव लिहू नये, नुसते ‘वैद्यकीय’ पुरे.

तिसरी जागा म्हणजे औषधाची बाटली. ती लॉकरमध्ये दिसू नये म्हणून गोळी घरी विसरली जाते. नियमितपणा तुटला की औषधाचा परिणाम कमी होतो. हल्ली बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते आणि ती रात्री घरी घेता येते, त्यामुळे हा त्रास पूर्वीपेक्षा घटला आहे.

मोफत एआरटी औषधे देशात १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच औषध देण्याचे धोरण आहे, पूर्वीसारखी प्रतिकारशक्ती खाली येण्याची वाट पाहत नाहीत. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता जगभर मान्य झालेले आहे. म्हणजे कामगाराला औषध चालू ठेवता येईल अशी नोकरी टिकवणे हाच प्रतिबंधाचाही भाग झाला. भीतीने औषध लपवणारा किंवा तपासणीच न करणारा कामगार हे खरे जोखमीचे ठिकाण आहे.

मालकाचा हिशेब

हे सगळे दानधर्म म्हणून करायचे का? दक्षिण आफ्रिकेतील खाणींनी याचे उत्तर व्यवहारात शोधले. अँग्लो अमेरिकन या बलाढ्य खाण कंपनीच्या तिथल्या कामगारांत पाचातला एक किंवा त्याहून जास्त बाधित असल्याचा अंदाज होता. अनुभवी खाणकामगार आजारी पडत होते, मरत होते, नव्यांना शिकवण्याचा खर्च वाढत होता. ऑगस्ट २००२ मध्ये कंपनीने कामगारांना मोफत एआरटी देण्याची घोषणा केली. तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यातही ही औषधे मिळत नव्हती. औषधाची आणि नोकरीची हमी मिळाल्यावर पुढच्या वर्षांत तपासणीला येणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. आधी तपासणी शिबिरे होती, पण नुसते कळून करायचे काय, म्हणून लोक येत नव्हते.

आपल्याकडे औषध सरकार मोफत देते, म्हणजे मालकाच्या डोक्यावरचा सर्वांत मोठा खर्च आधीच उतरला आहे. उरतो तो समुपदेशकाचा वेळ, शिबिराचा मांडव आणि महिन्याचा अर्धा दिवस. दहा-पंधरा वर्षे हात बसलेला मोल्डर किंवा फिटर सोडून नवीन माणूस तयार करायला किती महिने आणि किती माल रद्दीत जातो, हे मालक चांगले जाणतात.

हिशेबाची एक बाब मात्र ध्यानात ठेवावी. केवळ आपल्याच कामगारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी केलेला खर्च कंपनी कायद्याखाली सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. तो कामगार कल्याणाचा खर्च. फाटकाबाहेरच्या ट्रकचालकांसाठी, वस्तीसाठी दवाखाना चालवला तर गोष्ट वेगळी. अपोलो टायर्सने २००० मध्ये दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकचालकांसाठी आरोग्य केंद्र सुरू केले आणि नंतर इतर ट्रक तळांवरही तसे केंद्र काढले. टायर विकत घेणारा ट्रकवाला त्या कंपनीचा नोकर नसतो, तरी धंदा त्याच्यावर चालतो.

मस्टरवर नसलेली माणसे

सर्वांत अवघड भाग हाच. पुणे–बंगळूर महामार्गावर कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी असा रोज माल जातो. ट्रकवर असणारा चालक आणि क्लीनर कोणत्याही कारखान्याच्या मस्टरवर नसतो. हंगामात बीड आणि मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या कारखान्याच्या दृष्टीने मुकादमाच्या असतात. फाउंड्रीतले उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे मजूर ठेकेदाराचे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजुरांना जोखमीच्या गटात धरते. घरापासून महिनोन्महिने दूर राहणे, खोलीत आठ-दहा जण, हातात रोख पैसा आणि ओळखीचे कोणी नाही, यातून जोखीम तयार होते. माणूस परप्रांतीय आहे म्हणून नव्हे.

यासाठी नाकोने उद्योगांसोबत ‘एम्प्लॉयर लेड मॉडेल’ आखले आहे. उद्योगाने आपल्याकडे येणाऱ्या ठेकेदारी आणि अनौपचारिक मजुरांपर्यंत आपल्याच आरोग्य व्यवस्थेतून माहिती, गुप्तरोगावरील उपचार, चाचणी पोचवायची, आणि राज्य एड्स नियंत्रण संस्थेने प्रशिक्षण व साहित्य द्यायचे, अशी ही विभागणी. कारखान्याचा दवाखाना ठेकेदारी मजुरालाही उघडा करणे ही त्यातली कळीची पायरी. अनेक ठिकाणी दवाखान्याच्या दारावर ओळखपत्र बघतात, तिथेच सगळे अडते. ठेकेदारासोबतच्या करारात एक कलम टाकले, की आजाराच्या कारणावरून मजूर परस्पर बदलायचा नाही, तर बरेच काम होते. कारण मजूर ‘काढला’ अशी नोंदच कुठे होत नाही. तो फक्त दुसऱ्या दिवशी गाडीत बसलेला नसतो.

दवाखाना हेही कामाचे ठिकाण

रुग्णालयातील परिचारिका, लॅब तंत्रज्ञ, कचरा उचलणारे सफाई कामगार यांना सुई टोचण्याचा धोका असतो. बाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण हजारात तीन एवढीच, पण ती शून्य नाही. अशा आस्थापनेने हातमोजे, सुया नष्ट करण्याची साधने, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरचे प्रतिबंधक औषध पुरवायचे, असे कायदा स्पष्ट सांगतो. हे औषध लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायचे आणि २८ दिवस घ्यायचे असते. जखम दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे. रात्रपाळीला औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, हे छोट्या नर्सिंग होमने आजच ठरवावे. कारखान्यातही प्रथमोपचार पेटीत हातमोजे असले पाहिजेत. बोट कापलेल्या सहकाऱ्याला उचलताना सर्वांसाठी एकच नियम ठेवला, की कोणाला एचआयव्ही आहे हे जाणून घेण्याची गरजच उरत नाही.

नोकरीतूनच लागण झाली तर काय, याचे मोठे उदाहरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. हवाई दलातील एका कर्मचाऱ्याला २००२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या काळात लष्करी रुग्णालयात रक्त चढवले गेले आणि त्यातून एचआयव्ही झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला दीड कोटीहून अधिक भरपाई मंजूर केली आणि २०१७ च्या कायद्याची अंमलबजावणी नीट करण्याचे निर्देशही सरकारला दिले. एचआयव्हीबाधितांची प्रकरणे न्यायालयांनी आणि न्यायाधिकरणांनी प्राधान्याने चालवावीत, हाही त्याच कायद्यातला नियम आहे.

पगार बुडाला तर

ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला, म्हणजे साधारण महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्याला, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के रोख लाभ मिळतो, हे बहुतेकांना माहीत असते. त्यापुढचा वाढीव आजार लाभ मात्र कमी जणांना माहीत आहे. ठराविक दीर्घ आजारांच्या यादीत क्षयरोगाबरोबर एड्सचाही समावेश आहे. पात्र विमाधारकाला ८० टक्के दराने हा लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पात्रतेसाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि पुरेशी वर्गणी लागते. ठेकेदार दर वर्षी नाव बदलून नवीन नंबर काढतो, तेव्हा कामगाराचे नुकसान नेमके इथे होते. आपला ईएसआय नंबर एकच राहतो आहे ना, हे ज्याने त्याने पाहावे.

तक्रार कुठे

आधी आस्थापनेतील तक्रार अधिकारी. तो नसेल किंवा ऐकत नसेल तर कायद्याखाली राज्याने नेमलेला ओम्बड्समन. भ्रष्टाचारवाला लोकपाल वेगळा, हा वेगळा. त्याने तक्रारीवर ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो, वैद्यकीय तातडी असेल तर २४ तासांत. आदेश पाळला नाही तर दहा हजारांपर्यंत दंड आणि पुढे रोज पाच हजारांपर्यंत जादा दंडाची तरतूद आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत आणि लेखी द्यावी, पोच घ्यावी. राजीनाम्यावर सही मागितली तर तिथल्या तिथे करू नये, घरी नेऊन वाचतो म्हणावे. पुण्याच्या प्रकरणात नेमके तेवढेच सुचले नव्हते.

बाधित माणसांविरुद्ध द्वेष पसरवणारा मजकूर छापणे, पसरवणे हाही गुन्हा असून त्यासाठी तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खात्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाचे नाव फिरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

चौकशीसाठी नाकोची १०९७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, नाव सांगावे लागत नाही. चाचणी आणि समुपदेशन सरकारी आयसीटीसीत मोफत होते. एआरटी केंद्र बेळगावात जिल्हा रुग्णालयात, गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे, महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर आहेत. कामासाठी राज्य बदलले तर औषध थांबवायचे नाही, जुन्या केंद्रातून बदलीचा कागद घेऊन नव्या केंद्रात नोंद करता येते. कागद हातात पडेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या आधीच मागून घ्याव्यात.